टेक डेट कसं सांभाळायचं : डेव्हलपमेंट टीमला वारंवार पडणारे प्रश्न

टेक डेट म्हणजे नेमकं काय?

टेक डेट म्हणजे टेक्निकल डेट, तांत्रिक कर्ज. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरची. वायकॅश नावाच्या गुंतवणूक-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरबद्दल १९९२ साली ऊप्सला (OOPSLA) या प्रोग्रामिंगच्या परिषदेत त्यांनी एक अनुभव-लेख मांडला, त्यात ती पहिल्यांदा आली. पहिल्या फटक्यात लिहिलेला कोड ग्राहकाकडे पाठवणं म्हणजे कर्ज काढणं. वेळेत पुन्हा लिहून ते फेडलं तर काम भराभर पुढे जातं. फेडलं नाही, तर त्या अर्धवट जमलेल्या कोडवर जाणारं प्रत्येक मिनिट व्याजात जमा होतं.

व्याज हा यातला महत्त्वाचा शब्द, पुढची बहुतेक उत्तरं त्याच्याच आधाराने दिली आहेत. कोड दुरुस्त करायला लागेल तो वेळ म्हणजे मुद्दल. दुरुस्त न केल्यामुळे पुढच्या प्रत्येक बदलाला जो जादा वेळ लागतो, ते व्याज. बँकेचं व्याज दर महिन्याला लागतंच. कोडचं व्याज मात्र त्या कोडला हात लावावा लागतो तेव्हा लागतं. पाच वर्षांत कोणी न उघडलेली, बिनबोभाट चालणारी फाइल कितीही कुरूप असली तरी सहसा काही मागत नाही. आठवड्यातून तीनदा उघडावी लागणारी आणि दर वेळी अर्धा दिवस खाणारी फाइल टीमचं कंबरडं मोडते, मग ती दिसायला बरी का असेना.

बग म्हणजे टेक डेटच ना?

नाही. बग वापरणाऱ्याला दिसतो, डेट बदल करणाऱ्याला जाणवतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा बग निघत असतील तर त्याखाली डेट असण्याची शक्यता दाट. तरी नोंद दोन्हींची वेगळी ठेवा. एकाच यादीत घातलं की बग नेहमी वर जातात आणि डेट कायम तळाशी राहतं.

सगळं टेक डेट वाईटच असतं का?

सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांनी २००९ साली याचे चार कप्पे मांडले : जाणूनबुजून की नकळत, आणि विचारपूर्वक की बेफिकीरपणे. जाणूनबुजून आणि विचारपूर्वक काढलेलं कर्ज हा सरळ व्यवहार आहे. ठरलेल्या तारखेला रिलीज हवा, म्हणून एका देशाचे करनियम कोडमध्ये थेट लिहिले आणि दुसरा देश आला की ते बाहेर काढायचं ठरवलं, तर त्यात काही गैर नाही. नकळत पण विचारपूर्वक झालेलं कर्ज तर टाळताच येत नाही. सहा महिने काम केल्यावरच कळतं की ‘ऑर्डर’ आणि ‘डिलिव्हरी’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

जाणूनबुजून कर्ज काढताना त्याच पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोडबदल) चार ओळी लिहायच्या : कोणता आडमार्ग घेतला, नीट उपाय कोणता होता, काय घडलं की हे फेडावंच लागेल, आणि त्याकडे लक्ष कोण ठेवणार. ‘नंतर सुधारू’ एवढाच टूडू लिहून सोडलं की त्यातला ‘नंतर’ कधीच येत नाही. ‘दुसरा देश जोडण्याआधी’ असं लिहिलं, तर ते तिकीट आलं की शोधताना ही ओळ सापडते.

आमच्यावर किती डेट आहे, हे मोजायचं कसं?

एकच एक आकडा शोधू नका. सोनारक्यूबसारखी कोड तपासणारी साधनं ‘एवढ्या दिवसांचं डेट’ असा आकडा देतात, पण तो कसा निघतो ते माहीत असावं. नियम मोडणाऱ्या प्रत्येक जागेला दुरुस्तीची ठरावीक मिनिटं लावून त्यांची बेरीज केली जाते. डेटचं प्रमाण काढताना एक ओळ लिहायचा खर्च, सेटिंग बदललं नसेल तर, ३० मिनिटं धरला जातो. म्हणजे हा आकडा मुद्दलाचा अंदाज आहे, व्याजाचा त्यात पत्ता नाही. चुकीच्या जागी काढलेली मॉड्यूलची सीमा त्यात दिसत नाही आणि न वापरलेलं व्हेरिएबल दिसतं. तो दर महिन्याला वाढतोय की घटतोय, एवढ्यापुरता तो कामाचा.

व्याज कुठे लागतंय हे दोन ठिकाणी सापडतं.

पहिलं गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात. मागच्या १२ महिन्यांच्या लॉगमधून बदललेल्या फाइलींची नावं काढा आणि प्रत्येक फाइल किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांत) आली ते मोजा. लॉकफाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी), आपोआप तयार होणाऱ्या फाइली, भाषांतराच्या फाइली आणि सगळ्या रेपोला (कोडच्या साठ्याला) एकदम फॉरमॅट करणारे कमिट आधी वगळा, नाहीतर तेच वर येऊन बसतात. वरच्या २० फाइलींसमोर त्यांच्या ओळींची संख्या किंवा सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी लिहा. हे माप थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली मांडलं. फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा ते मोजतं. दोन्ही रकान्यांत वर असलेल्या फाइली बहुधा हाताच्या बोटांवर मोजता येतात. याच लॉगमधून आणखी एक गोष्ट काढता येते : वेगवेगळ्या मॉड्यूलमधल्या असूनही नेहमी एकत्र बदलणाऱ्या फाइली. बिलिंगची फाइल बदलली की दर वेळी नोटिफिकेशनची बदलावी लागत असेल, तर एखादा नियम दोन ठिकाणी लिहिला गेला आहे.

दुसरं तिकिटांत. तिकीट बंद करताना एक रकाना भरायचा : ‘जुन्या रचनेमुळे जादा गेलेला वेळ’, अर्ध्या दिवसाच्या मापात, आणि कुठल्या भागात. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. मात्र या रकान्यावरून कुणा एकाची कामगिरी जोखू नका. एकदा तसं झालं की सगळे शून्य लिहितात, आणि मग खरा आकडा पुन्हा मिळत नाही.

नोंदवही कशी ठेवावी?

तिकिटांच्या नेहमीच्याच साधनात, वेगळं लेबल लावून. कोपऱ्यात पडलेली स्प्रेडशीट दोन महिन्यांत शिळी होते. ‘पेमेंट मॉड्यूल रिफॅक्टर करणे’ (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणे) ही नोंद निरुपयोगी, कारण ती कधी संपली हे कुणालाच सांगता येणार नाही. कामाची नोंद अशी दिसते :

‘परतावा आणि रद्द-आकार यांचं गणित तीन ठिकाणी आहे : चेकआउट, अ‍ॅडमिन पॅनेल, रात्रीचा रिपोर्ट. नियम बदलला की तिन्हीकडे बदलावं लागतं. मागच्या तिमाहीत ४ वेळा बदललं, दर वेळी सुमारे २ दिवस जादा. अंदाजे दुरुस्ती १२ दिवस. तिन्ही ठिकाणं एकच फंक्शन वापरू लागली की काम संपलं.’

यादी २०-२५ नोंदींपलीकडे जाऊ देऊ नका. वर्षभरात जिच्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही ती नोंद निर्धास्त काढून टाका. दुखणं खरं असेल तर ती परत येईल.

आधी कोणतं फेडायचं?

वरचीच नोंद घ्या. तिमाहीत ४ वेळा, दर वेळी २ दिवस, म्हणजे तिमाहीला ८ दिवस व्याज. मुद्दल १२ दिवस. दुरुस्तीने सगळं व्याज थांबलं तर साडेचार महिन्यांत वसुली. अर्धंच थांबलं तर नऊ महिने. हा भाग पुढच्या वर्षभर बदलत राहणार असेल तर काम घ्या. दोन महिन्यांत तो बंदच होणार असेल तर एक दिवसही घालवू नका. म्हणून पुढच्या दोन तिमाहींचा रोडमॅप समोर ठेवल्याशिवाय हा क्रम लावता येत नाही. मागचं व्याज काय झालं हे इतिहास सांगतो, पण फेडायचं असतं ते पुढचं.

काही कर्जांना हे गणित लागू होत नाही : सुरक्षेचे पॅच न मिळणाऱ्या लायब्ररी, कधीच रिस्टोअर करून न पाहिलेले बॅकअप, फक्त हातानेच करता येणारं डिप्लॉयमेंट. यांचं व्याज रोज थोडं थोडं जात नाही, एखाद्या रात्री सगळं एकदम वसूल होतं. त्यांची यादी वेगळी ठेवा आणि क्रम धोक्यावरून लावा.

प्रत्येक स्प्रिंटचा (कामाच्या ठरावीक टप्प्याचा) २०% वेळ राखून ठेवला की झालं?

फक्त तेवढ्याने होत नाही. रिलीजची तारीख जवळ आली की पहिला बळी त्याच २०% चा जातो. शिवाय ‘आज सफाई’ म्हटलं की माणसं जिथे दुखतंय तिथे न जाता जे सुधारायला आवडेल ते सुधारतात. पाच जण, दहा दिवसांचा स्प्रिंट, म्हणजे ५० दिवसांतले १० दिवस. ते पाच जणांत दोन-दोन दिवस विखुरले, तर १२ दिवसांचं काम कुणाकडूनच होत नाही.

त्यापेक्षा दोन वाटा ठेवा. वाटेत येणारी लहान दुरुस्ती त्याच तिकिटाच्या अंदाजात धरायची, वेगळी परवानगी मागायची नाही; सुतार करवतीला धार लावायचे पैसे वेगळे मागत नाही. मोठी दुरुस्ती तिमाहीला एक, फार तर दोन, आणि तिला फीचरसारखंच वागवायचं : एक मालक, संपण्याची अट, दर आठवड्याला दाखवता येईल अशी प्रगती. दोन आठवड्यांत मुख्य ब्रँचमध्ये काहीच मर्ज झालं नसेल, तर काम चुकीच्या तुकड्यांत पाडलं गेलं आहे.

रिफॅक्टरिंग आणि नवं फीचर एकाच पीआरमध्ये चालेल?

वेगळेच ठेवा. आधी वागणूक न बदलणारा पीआर, मग फीचरचा. एकत्र केले की रिव्ह्यू करणाऱ्याला ८०० ओळींत खरा बदल असलेल्या ३० ओळी शोधाव्या लागतात आणि रोलबॅक करताना (बदल मागे घेताना) दोन्ही जातात.

प्रॉडक्ट ओनरला (काय आधी बनवायचं ते ठरवणाऱ्याला) कसं पटवायचं?

‘कोड घाण झालाय’ हे वाक्य पूर्ण टाळा. ते ऐकणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही, शिवाय तक्रारीसारखं वाटतं. त्यांच्याच रोडमॅपमधल्या गोष्टी घेऊन बोला : ‘पुढच्या तिमाहीत परताव्याचे तीन बदल आहेत. आहे तशा कोडवर ते साधारण १५ दिवसांचे. आधी १२ दिवस दुरुस्तीला दिले तर तेच बदल ९ दिवसांत होतील. पहिल्या तीन बदलांत आपण ६ दिवस तोट्यात राहू, सहाव्या बदलाला बरोबरी होईल.’ तोट्याचा भाग लपवू नका. तो सांगितला की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आणि उत्तर ‘आत्ता नको’ असं आलं तर तो निर्णय तारखेसह नोंदीत लिहा. तो निर्णय बरोबरही असू शकतो.

काम झाल्यावर पुन्हा मोजा. दुरुस्तीनंतरच्या तीन बदलांना खरंच किती वेळ लागला, हे सांगायला परत जाणाऱ्या टीमला पुढचे १२ दिवस सहज मिळतात.

टेस्टच नाहीत. मग हात कसा लावायचा?

मायकेल फेदर्स यांनी यासाठी कॅरॅक्टरायझेशन टेस्ट हा शब्द रूढ केला. कोडने काय करायला हवं हे या टेस्ट तपासत नाहीत; तो आज काय करतो, ते त्या पक्कं करून ठेवतात. ४०० ओळींचं सवलत काढणारं फंक्शन समजा.

सगळ्यात आधी त्यातली न दिसणारी इनपुट बाहेर काढा. असं फंक्शन बहुधा आतल्या आत आजची तारीख विचारतं. तारीख पॅरामीटर म्हणून द्या आणि डीफॉल्ट ‘आत्ता’ ठेवा, म्हणजे बाकी कुणाचा कोड बदलावा लागत नाही. टेस्टशिवाय करायचा बदल एवढाच. तो आयडीईच्या (कोड लिहायच्या साधनाच्या) आपोआप रिफॅक्टरिंगने करा, हाताने नको.

मग प्रत्यक्ष लॉगमधून ३०-४० वेगवेगळी इनपुट घ्या, व्यक्तिगत माहिती काढून. प्रत्येकासाठी टेस्ट लिहा आणि अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं द्या, समजा -१. टेस्ट पडेल आणि संदेशात खरं उत्तर दिसेल : ‘अपेक्षित -१, मिळालं १४७.५’. ते १४७.५ टेस्टमध्ये लिहा. कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा कुठला भाग चालला याचं माप) चालवून कुठल्या फांद्या अजून कोरड्या आहेत ते पाहा आणि त्यांच्यासाठी इनपुट बनवा.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात, तीच सगळ्यात मोलाची. फंक्शनमधलं एक ‘पेक्षा मोठं’ बदलून ‘पेक्षा मोठं किंवा तेवढंच’ करा आणि टेस्ट चालवा. एकही टेस्ट पडली नाही तर तुमचं जाळं तिथे फाटकं आहे. नेमक्या सीमेवरचं इनपुट घाला. अशा पाच-सहा खोड्या पकडल्या जाईपर्यंत रिफॅक्टरिंग सुरू करू नका.

या खटाटोपात जुने बग सापडतीलच. ते त्याच पीआरमध्ये दुरुस्त करू नका. एखादा रिपोर्ट त्या चुकीच्या उत्तराला धरून वर्षानुवर्षं चाललेला असतो.

सगळं नव्यानं लिहिलं तर?

बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी आहे. नेटस्केपचं ब्राउझर क्रमांक ४ हे १९९७ साली आलं. त्यानंतर जुना पाया बाजूला ठेवून नवा उभारायचं ठरलं. ५ क्रमांक कधी बाहेर आलाच नाही. ६ आलं ते थेट नोव्हेंबर २००० मध्ये, आणि तोवर बाजार हातातून बराच निसटला होता. जुन्या कोडमधल्या विचित्र वाटणाऱ्या इफच्या अटीमध्ये कधीतरी कुणाला आलेली खरी अडचण सोडवलेली असते. नव्याने लिहिताना ती सगळी पुन्हा भोगावी लागते, आणि दरम्यान जुनी सिस्टिम थांबत नसल्यामुळे दोन्हीकडे फीचर घालावी लागतात.

पर्याय म्हणजे फाउलर यांनी २००४ साली नाव दिलेली स्ट्रँग्लर पद्धत. झाडावर वाढत वाढत शेवटी त्याची जागा घेणाऱ्या वडवर्गातल्या वेलीवरून हे नाव आलं. जुन्या सिस्टिमसमोर प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ) ठेवायची. एक एंडपॉइंट (एका प्रकारची विनंती घेणारा पत्ता) नव्याने लिहायचा, काही दिवस विनंती दोन्हीकडे पाठवायची पण उत्तर जुन्याचंच द्यायचं, आणि फरक लॉग करायचे. हे फक्त वाचणाऱ्या विनंत्यांना चालतं. लिहिणारी विनंती दोनदा पाठवली तर दोन ऑर्डर होतील. फरक शून्यावर आले की १%, १०%, १००% असं नव्याकडे वळवायचं. आणि जुना भाग खरोखर डिलीट करायचा. ही पद्धत फसते ती इथेच : ८०% वर नवं झालं, उत्साह संपला, आणि टीम कायमची दोन सिस्टिम सांभाळत बसली.

डेटाबेसमधलं डेट कसं फेडायचं?

सगळ्यात चिवट कर्ज हेच, कारण कोड रोलबॅक होतो, डेटा होत नाही. नेहमी भेटणारं उदाहरण घ्या : रक्कम फ्लोट (अंदाजे दशांश ठेवणाऱ्या) कॉलममध्ये ठेवली आहे. बायनरी फ्लोटमध्ये ०.१ नेमकं बसत नाही, म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. एका ओळीत हे दिसत नाही. लाखभर ओळींच्या बेरजेत ताळेबंद जुळत नाही.

थेट कॉलमचा प्रकार बदलला तर मोठं टेबल पूर्ण पुन्हा लिहिलं जातं आणि तेवढा वेळ लॉक राहतं. त्याऐवजी शेजारी डेसिमल प्रकारचा, नल चालणारा नवा कॉलम घाला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे क्षणात होतं, पण त्या क्षणापुरतं पूर्ण टेबलावर लॉक लागतं. पुढे एखादी लांबलेली क्वेरी चालू असेल तर तुमचा बदल तिच्यामागे आणि बाकी सगळी ट्रॅफिक तुमच्यामागे अडकते. म्हणून लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंद ठेवा आणि जमेपर्यंत पुन्हा प्रयत्न करा. पुढचा रिलीज दोन्ही कॉलममध्ये लिहू लागतो. मग जुन्या ओळी प्रायमरी कीच्या क्रमाने १,००० ते ५,००० च्या गठ्ठ्यांत भरायच्या, मध्ये थोडं थांबून, रेप्लिका (डेटाबेसची प्रत) मागे पडत नाही ना हे बघत. राउंडिंगने ज्या ओळींची किंमत दिसण्याइतकी बदलेल त्या वेगळ्या काढून हिशेब पाहणाऱ्यांना दाखवा. त्यानंतर वाचन नव्या कॉलमवर न्या, एक-दोन रिलीज जाऊ द्या, जुन्यात लिहिणं थांबवा आणि सगळ्यात शेवटी तो काढा. सहा पायऱ्या, निदान चार रिलीज. घाईने दोन पायऱ्या एकत्र केल्या की रोलबॅकची वाट बंद होते.

लायब्ररी अपडेट करणं एवढं गरजेचं आहे का?

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतली त्रुटी उघड झाली तेव्हा पहिला प्रश्न ‘पॅच कसा लावू’ हा नव्हता, ‘ती आपल्याकडे कुठे कुठे आहे’ हा होता, कारण अनेक ठिकाणी ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात बसून आली होती. पाठोपाठ २.१५.०, २.१६.० आणि २.१७.० अशा आवृत्त्या त्याच महिन्यात आल्या. ज्यांची अपडेटची पाइपलाइन रोजच्या वापरातली होती त्यांना हे तीनदा करणं जमलं.

रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट (अपडेटचे पीआर आपोआप बनवणारी साधनं) लावा, लहान आवृत्त्या आठवड्यातून एकदा एकाच पीआरमध्ये घ्या, मोठ्या आवृत्त्या एकेक करून. तीन मोठ्या आवृत्त्या मागे राहिलात तर थेट शेवटचीवर उडी मारू नका. एकेक पायरी चढा, म्हणजे कुठे मोडलं ते कळतं. समर्थन संपण्याच्या तारखा वर्षभर आधी कॅलेंडरवर लिहा. पायथन ३ आलं २००८ साली, पायथन २ बंद झालं १ जानेवारी २०२० ला, आणि तरीही कित्येक टीम शेवटच्या महिन्यांत धावपळ करत होत्या.

मेलेला कोड आणि जुने फीचर फ्लॅग पडून राहिले तर काय बिघडतं?

नाइट कॅपिटल या शेअर दलाली फर्ममध्ये १ ऑगस्ट २०१२ रोजी काय झालं ते पाहा. २००३ पासून वापरात नसलेलं ‘पॉवर पेग’ नावाचं फंक्शन कोडमध्ये तसंच होतं. त्याला चालू करणारा जुना फ्लॅग (फीचर चालू-बंद करणारी खूण) नव्या फीचरसाठी पुन्हा वापरला गेला. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, पण एका सर्व्हरवर गेला नाही. त्या सर्व्हरने फ्लॅग पाहून जुनं फंक्शन जागं केलं. ते बंद करायच्या प्रयत्नात बाकीच्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला गेला, त्यामुळे तेही जुन्याच वाटेने जाऊ लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

यातून घ्यायचे नियम साधे आहेत. फ्लॅगचं नाव पुन्हा वापरायचं नाही. फ्लॅग तयार करतानाच मालक आणि संपण्याची तारीख लिहायची, आणि ती उलटली की बिल्डने इशारा द्यायचा. न वापरलेला कोड कमेंट करून ठेवायचा नाही, काढायचा. गिटमध्ये तो आहेच.

कधी पडते, कधी पास होते अशा टेस्टचं काय?

त्याच दिवशी मुख्य बिल्डमधून बाजूला काढा, तिकीट करा, दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर डिलीट करा. ‘पुन्हा चालव, होईल पास’ ही सवय लागली की खरी पडलेली टेस्टही कोणी बघत नाही.

एआयने लिहिलेल्या कोडमुळे डेट वाढतं का?

कोड लिहिणं स्वस्त झालं, समजून घेणं तेवढंच महाग राहिलं. रेपोमध्ये आधीपासून असलेलं फंक्शन न शोधता तसंच दुसरं तयार होणं, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. पीआर पाठवणाऱ्याला प्रत्येक ओळ तिथे का आहे हे सांगता आलं पाहिजे, हा नियम पुरेसा आहे. कॅरॅक्टरायझेशन टेस्टचा पहिला मसुदा काढायला हीच साधनं फार उपयोगी पडतात. मुद्दाम खोडी करून पाहायची पायरी मात्र सोडू नका.

एकाच माणसाला माहीत असलेला भाग, हेही डेट आहे का?

आहे, आणि ते कुठल्याच साधनात दिसत नाही. तो माणूस रजेवर गेला की कुठली तिकिटं थांबतात ते बघा, तीच तुमची यादी. त्या भागातलं पुढचं तिकीट दुसऱ्याने करायचं आणि जाणकाराने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात न लावता. वेळ दुप्पट लागेल, तो अंदाजात आधीच धरा. जिथे जिथे ‘हे असं का?’ असा प्रश्न येईल तिथे उत्तर अर्ध्या पानाच्या निर्णय-नोंदीत लिहून कोडच्याच रेपोमध्ये ठेवा : परिस्थिती काय होती, काय ठरलं, कोणते पर्याय नाकारले, आणि त्याचे परिणाम. जाणकाराला आठवत नसेल तर ‘कारण माहीत नाही, अमुक तारखेला तपासलं’ असंही लिहा. पुढे तिथे येणाऱ्याचा निदान तो दिवस वाचतो.